सामाईक संगणकीय कार्यस्थळ

एकाच कामात गुंतलेल्या अनेक व्यक्तींना, त्या एका खोलीत असोत वा परस्परांपासून दूर असोत, एकच मजकूर, आराखडा किंवा आकृती एकाच वेळी पाहता व हाताळता यावी, यासाठी संगणक, पडदे, कॅमेरे, ध्वनियंत्रणा व संदेशवहनाचे जाळे यांची केलेली योजना म्हणजे सामाईक संगणकीय कार्यस्थळ होय. केवळ संभाषणाची सोय करणारा दूरध्वनी आणि केवळ कागद पोहोचविणारे टपाल या दोहोंहून ते भिन्न आहे. बोलणारी माणसे आणि ज्याविषयी बोलायचे ती वस्तू यांना एकत्र आणणे हे त्याचे मुख्य कार्य होय. काही सहभागी एका खोलीत बसलेले व काही अन्यत्र असतील, तर अशा कार्यस्थळाला मिश्र कार्यस्थळ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत यांपैकी पहिल्यांना ‘उपस्थित’ व दुसऱ्यांना ‘दूरस्थ’ असे संबोधिले आहे.

या कार्यस्थळांच्या इतिहासात दोन प्रश्न बरोबरीने चालत आलेले दिसतात. एकाच्या हातचे काम दुसऱ्याच्या पडद्यावर जसेच्या तसे आणि तत्काळ कसे उमटवावे, हा पहिला प्रश्न तांत्रिक स्वरूपाचा आहे. दूरस्थ माणसाला कामात उपस्थितांच्या बरोबरीचे स्थान कसे मिळावे, हा दुसरा प्रश्न दर्जाचा आहे. पहिला प्रश्न आता बव्हंशी सुटला आहे. दुसरा मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर नव्या रूपात उभा राहिला असून अभिकल्पकांचे (आराखडा करणाऱ्यांचे) खरे कौशल्य तेथेच पणाला लागलेले आहे.

पूर्वपीठिका : हस्ताक्षर दूर पाठविण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभीचा प्रयत्न अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे यांनी केला. त्यांनी १८८८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या ‘टेलॉटोग्राफ’ या यंत्रात प्रेषकाच्या लेखणीची हालचाल विद्युत् प्रवाहाच्या रूपाने तारेवरून जाई व ग्राहकाकडील लेखणी तीच हालचाल करून तेच अक्षर उमटवी. परंतु एक टोक लिहिणारे व दुसरे पाहणारे अशी त्याची रचना असल्याने दोघांनी मिळून एकाच कागदावर काम करणे त्याद्वारे शक्य नव्हते. चित्रदूरध्वनीचा इतिहासही याच दृष्टीने उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील ‘ए टी अँड टी’ या कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ लोकांपुढे मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यापारी सेवा सुरू केली. मोठा मासिक आकार आणि ग्राहकांची अल्प संख्या यांमुळे ती रुजली नाही. तिच्यात समोरच्या माणसाचा चेहरा दिसे; पण दोघांच्या मध्ये काम ठेवण्यास जागा नव्हती.

एंगेलबर्ट यांचे प्रात्यक्षिक : सामाईक संगणकीय कार्यस्थळाचे पहिले पूर्ण दर्शन डग्लस एंगेलबर्ट (१९२५–२०१३) यांनी घडविले. मानवी बुद्धीच्या सामर्थ्यात संगणकाच्या साहाय्याने भर कशी घालता येईल, याविषयीचा त्यांचा अहवाल १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यावर आधारलेली यंत्रणा त्यांनी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत उभारली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत सुमारे एक हजार तज्ञांपुढे त्यांनी तिचे दीड तासाचे प्रात्यक्षिक केले. यंत्रणेचा संगणक सुमारे ४८ किमी. दूर मेन्लो पार्कलाच होता व सूक्ष्मतरंग दुव्यांनी दोन्ही ठिकाणे जोडलेली होती. या जोडणीची व रंगमंचावरील व्यवस्थेची जबाबदारी बिल इंग्लिश यांनी सांभाळली. माऊस, परस्परांशी सांधलेले मजकूर, शब्दांचे संपादन इ. अनेक गोष्टी तज्ञांनी प्रथमच तेथे पाहिल्या.

प्रात्यक्षिकाच्या एका भागात मेन्लो पार्क येथील सहकारी बिल पॅक्स्टन यांचा चेहरा पडद्याच्या एका चौकटीत आणि ज्यावर काम चालले होते तो मजकूर उरलेल्या जागेत दिसत होता. दोघे एकच मजकूर पाहत बोलत होते व दोघांच्या निर्देशखुणा त्यावर फिरत होत्या. मात्र पॅक्स्टन यांच्या खुणेने केवळ बोट दाखविता येत होते. मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार एंगेलबर्ट यांच्या खुणेकडे राखून ठेवलेला होता व ही गोष्ट त्यांनी श्रोत्यांना विनोदाने सांगितलीही. प्रात्यक्षिकाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची होती. तथापि दूरस्थाने दाखवावे आणि मुख्य ठिकाणच्या माणसाने करावे, ही पुढील अर्धशतकात वारंवार आढळणारी विभागणी पहिल्याच प्रयोगात दृष्टीस पडते, हे लक्षणीय आहे.

याच सुमारास इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षणयंत्रणेवर समूहसंपर्काची साधने विकसित होत होती. १९७३ मध्ये डग ब्राउन व डेव्हिड वूली यांनी तयार केलेल्या ‘टॉकोमॅटिक’ या आज्ञावलीत टंकलिखित होणारे प्रत्येक अक्षर इतरांच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटे. यात सर्वच सहभागी आपापल्या पडद्यासमोर असत, त्यामुळे उपस्थित आणि दूरस्थ हा भेद उद्‌भवत नसे.

अभ्यासशाखेचा उदय : संगणकाच्या आधारे चालणारे समूहकार्य हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे, ही जाणीव १९८० नंतरच्या दशकात रुजली. आयरीन ग्राइफ व पॉल कॅशमन यांनी १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत या विषयावर एक बैठक बोलाविली व या शाखेला ‘संगणकाधारित सहकार्य’ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. पहिली खुली परिषद डिसेंबर १९८६ मध्ये ऑस्टिन (टेक्सस) येथे भरली. संगणकतज्ञांबरोबर समाजशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांचाही प्रारंभापासून सहभाग असणे हे या शाखेचे वैशिष्ट्य होय.

अशा यंत्रणा का फसतात, याची मीमांसा जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८ मध्ये केली. यंत्रणेमुळे ज्याला अधिकचे काम करावे लागते तो एक आणि तिचा लाभ ज्याला मिळतो तो दुसराच, अशी स्थिती असेल, तर ती यंत्रणा कितीही कुशलतेने रचलेली असली तरी टिकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मिश्र कार्यस्थळाला हा नियम विशेषच लागू पडतो. फळ्यावर लिहिलेले दूरस्थाला दिसावे म्हणून कॅमेरा वळविण्याचे कष्ट उपस्थिताला घ्यावे लागतात. लाभ मात्र दूरस्थाचा होतो. त्यामुळे असे कष्ट आरंभीच्या काही दिवसांनंतर कोणी घेत नाही.

सभागृह आणि समान दृश्य : पॅलो ॲल्टो येथील झेरॉक्स संशोधन केंद्रात मार्क स्टेफिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोलॅब’ नावाची खोली उभारली. तिच्याविषयीचा त्यांचा प्रमुख निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते सहा व्यक्तींच्या बैठकीसाठी योजलेल्या या खोलीत प्रत्येकापुढे जाळ्याने जोडलेला संगणक व सर्वांसमोर एक मोठा पडदा होता. फळा एका वेळी एकाच्याच हाती असतो; येथे सर्वांना एकाच वेळी लिहिता यावे, हा उद्देश होता. ‘जे तुम्हाला दिसते तेच मला दिसते’ हे तत्त्व त्यासाठी स्वीकारण्यात आले.

प्रत्यक्ष वापरात मात्र या तत्त्वाचा काटेकोर अवलंब गैरसोयीचा ठरला. सर्वांच्या निर्देशखुणा सतत फिरू लागल्या की लक्ष विचलित होई. एकाने चौकट हलविली की सर्वांचेच दृश्य हले आणि अर्धवट सुचलेला विचार खाजगीरीत्या टिपून ठेवण्यास जागा उरत नसे. म्हणून कोणते दृश्य, कोणत्या क्षणी व कोणत्या उपगटाला समान असावे, याबाबत सैलपणा ठेवावा असे संशोधकांनी सुचविले. सामाईक पानाशेजारी एक खाजगी कोपरा असावा, हा पुढे सर्वमान्य झालेला संकेत या अनुभवातून पुढे आला.

मजकुराची एकरूपता : अनेकांनी एकाच वेळी एकच मजकूर बदलला, तर सर्वांच्या पडद्यावर अखेरीस तोच मजकूर राहील याची शाश्वती देणे, हा पहिल्या प्रश्नाचा गाभा होता. जो प्रथम हात लावील त्याने बाकीच्यांना रोखून धरावे, हा सोपा मार्ग. पण त्याने इतरांना ताटकळत बसावे लागते. क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये वेगळी रीत मांडली. समजा, ‘अ ब क ड’ ही अक्षरे मुंबई व नागपूर येथील दोन पडद्यांवर आहेत. मुंबईच्या व्यक्तीने प्रारंभी ‘ह’ घातला आणि त्याच क्षणी नागपूरच्या व्यक्तीने ‘तिसरे अक्षर पुसा’ अशी आज्ञा दिली. ती आज्ञा मुंबईस पोहोचेपर्यंत तेथील तिसरे अक्षर ‘ब’ झालेले असेल व ‘क’ ऐवजी ‘ब’ पुसला जाईल. आधी झालेल्या बदलाचा हिशेब घेऊन ‘तिसरे’ या आज्ञेचे ‘चौथे’ असे रूपांतर केले, तर दोन्हीकडे ‘ह अ ब ड’ हाच मजकूर राहतो. मूळ रीतीतील काही उणिवा पुढे दूर करण्यात आल्या. २०११ मध्ये मार्क शपिरो व इतरांनी दुसऱ्या एका पद्धतीची व्यवस्थित मांडणी केली. तीत नोंदींची रचनाच अशी असते की, बदल कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी फलित एकच येते.

देवनागरीच्या बाबतीत येथे एक जास्तीची दक्षता घ्यावी लागते. वाचकाला एकसंध दिसणारे ‘क्षि’ हे अक्षर संगणकात क, हलन्त चिन्ह, ष व ऱ्हस्व इकार अशा चार संकेतांनी नोंदलेले असते. संपादनयंत्रणा केवळ संकेत मोजत असेल, तर दोघांचे बदल एकाच जोडाक्षरात आले असता ते फुटण्याचा संभव असतो. म्हणून संकेतांऐवजी पूर्ण अक्षर हे एकक धरणे श्रेयस्कर होय.

ही तंत्रे संशोधनशाळेबाहेर येण्यास काळ लागला. ‘गुगल’ कंपनीने २००६ मध्ये ‘रायटली’ ही महाजालावरील लेखनसेवा विकत घेतली व तिच्या आधारे सामाईक दस्तऐवजांची सेवा उभी केली. २०१० मधील नव्या आवृत्तीत एकाने टंकलेले अक्षर दुसऱ्याला तत्क्षणी दिसू लागले. प्रत्येकाच्या खुणेला वेगळा रंग व नाव देण्याची पद्धत पुढे आराखड्यांच्या व रेखांकनाच्या सेवांतही रूढ झाली. मजकुरापुरती तरी उपस्थित व दूरस्थ यांची बरोबरी अशा रीतीने साधली गेली.

माध्यमावकाश : बैठकीबाहेरही काम चालते. जाता-येता पडलेली गाठ, दारातून विचारलेला प्रश्न, सहकारी मोकळा आहे की मग्न आहे याचा नुसत्या नजरेने आलेला अंदाज यांचा त्यात मोठा वाटा असतो. झेरॉक्स केंद्रातील एक प्रयोगशाळा १९८५ मध्ये पॅलो ॲल्टो आणि ऑरेगन राज्यातील पोर्टलंड अशा दोन ठिकाणी विभागली गेली, तेव्हा बॉब स्टल्ट्स, स्टीव्ह हॅरिसन, सेरा ब्लाय व इतरांनी दोन्हीकडील सामाईक दालने दृक्‌श्राव्य दुव्याने जोडली. हा दुवा ठराविक सभेपुरता नसून सतत चालू राही. त्याला ‘माध्यमावकाश’ या अर्थाचे नाव देण्यात आले. चहाच्या वेळी सहज समोर आलेल्या दूरच्या सहकाऱ्याशी बोलता येणे हे त्याचे मुख्य फलित होते.

सतत उघड्या कॅमेऱ्यामुळे खाजगीपणाचा प्रश्न उपस्थित झाला. झेरॉक्सच्या केंब्रिज (इंग्लंड) येथील शाखेत यावर विचारपूर्वक उपाय योजण्यात आले. कोणी आपल्याकडे डोकवावे, कोणी थेट बोलणे सुरू करावे, हे प्रत्येकजण स्वतः ठरवू शके. कोणी डोकावणार असेल, तर आधी दार उघडल्यासारखा आवाज ऐकू येई. भिंती व दारे यांनी पाळलेले सामाजिक संकेत यंत्रातही पाळले जावेत, असा यामागील विचार होता.

त्याच शाखेतील व्यवहाराचे क्रिस्टियन हीथ व पॉल लफ यांनी निरीक्षण केले. १९९० नंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांना या विषयात पायाभूत स्थान आहे. समोरासमोर बसलेल्या माणसाचे लक्ष वेधण्यास मान किंचित वळविणे पुरते. पडद्यावरून तीच हालचाल निष्प्रभ ठरते. दाद मिळत नाही असे पाहून माणूस हातवारे उत्तरोत्तर मोठे करीत जातो, तरीही दुसऱ्याच्या ते ध्यानात येत नाहीत. चित्र स्पष्ट असूनही असे घडते. कारण आपली हालचाल दुसऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात कोठे व केवढी दिसते, हे करणाऱ्याला कळत नसते. या विषमतेचे मूळ चित्राच्या दर्जात नसून दोन जागा परस्परांना नीट न जुळण्यात आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

हात, नजर आणि काचफलक : एकत्र बसून आराखडा करणाऱ्या छोट्या गटांचे चित्रण जॉन टँग यांनी बारकाईने तपासले. हाताच्या क्रियांपैकी सुमारे एक-तृतीयांश क्रिया लिहिण्याच्या वा रेखाटण्याच्या नसून हावभावांच्या असतात, असे त्यांना आढळले. यंत्र कसे फिरेल हे हाताने दाखविणे, दोन आकृतींतील संबंध बोटाने जोडून दाखविणे, हात पुढे करून बोलण्याची पाळी मागणे यांसारख्या क्रियांची कागदावर कोणतीही खूण उरत नाही. केवळ रेघा पोहोचविणारी यंत्रणा हा सर्व भाग गाळून टाकते. टँग व स्कॉट मिनमन यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या फलकात म्हणूनच दूरच्या सहकाऱ्याच्या रेघांबरोबर त्याच्या शरीराची सावलीही दिसेल अशी योजना केली होती.

या दिशेने सर्वांत परिपूर्ण रचना जपानमधील ‘एन टी टी’ कंपनीच्या प्रयोगशाळेत हिरोशी इशिई व मिनोरू कोबायाशी यांनी केली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘क्लिअरबोर्ड’ची कल्पना साधी आहे : दोन माणसांच्या मध्ये एक काच उभी असून दोघे तिच्यावर दोन्ही बाजूंनी लिहीत आहेत. खऱ्या काचेवर एकाचे अक्षर दुसऱ्याला उलटे दिसेल. म्हणून समोरच्याची प्रतिमा आरशाप्रमाणे पालटून दाखविण्यात आली व मजकूर दोघांनाही सुलटा वाचता येऊ लागला. त्यामुळे उजव्या हाताने लिहिणारा सहकारी डावखुरा भासे, पण त्याने कामात व्यत्यय येत नसे. समोरचा माणूस फलकावर नेमके कोठे पाहत आहे, हे यात दुसऱ्याला कळते. शिक्षकाला विद्यार्थ्याची नजर आकृतीच्या कोणत्या भागावर अडली आहे हे दिसले, तर प्रश्न विचारण्यापूर्वीच अडचण समजते. चेहरा एका चौकटीत व काम दुसऱ्या चौकटीत, ही पिक्चरफोनपासून चालत आलेली फारकत येथे नाहीशी झाली. मात्र प्रत्येक टोकाला एकच व्यक्ती ही त्याची मर्यादा होती.

अनेकांच्या सभेसाठी टोराँटो विद्यापीठात ॲबिगेल सेलेन व बिल बक्स्टन यांनी ‘हायड्रा’ ही रचना केली. तीत प्रत्येक दूरस्थ सहभागीसाठी कॅमेरा, छोटा पडदा व ध्वनिक्षेपक असलेले वेगळे उपकरण टेबलाभोवती ठेवण्यात येई. ज्याच्याकडे वळून बोलावे त्याला ते कळे व त्याचा आवाज त्याच्याच दिशेने येई. दूरस्थाला खोलीत स्वतःची खुर्ची देण्याचाच हा प्रयत्न होता.

खोलीच कार्यस्थळ : १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पडद्याची चौकट मोडून सबंध खोलीलाच कार्यस्थळ करण्याचे प्रयत्न झाले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स यांच्या गटाने १९९८ मध्ये भावी कार्यालयाची एक योजना मांडली. तीत छतावरील कॅमेरे खोलीतील पृष्ठभागांचे त्रिमितीय मापन करीत व प्रक्षेपक त्या मापाबरहुकूम भिंतींवर व मेजांवर दूरच्या खोलीचे दृश्य टाकीत. या योजनेवरील निबंधाचे प्रथम लेखक रमेश रासकर हे मूळचे नासिकचे असून त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे येथे झाले. जर्मनीतील डार्मस्टाट येथे नॉर्बर्ट श्ट्राइट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये संगणकयुक्त भिंत, मेज व खुर्च्या असलेले दालन दाखविले. त्याचा भर मुख्यत्वे उपस्थितांच्या सहकार्यावर होता.

व्यापारी क्षेत्रात २००५ मध्ये ‘हेवलेट-पॅकार्ड’ने व २००६ मध्ये ‘सिस्को’ने दूरसभांची सिद्ध दालने बाजारात आणली. दोन्ही शहरांत एकसारखी भिंत, एकसारखे मेज व एकसारखा प्रकाश ठेवून मेजाची पलीकडील बाजू पडद्यावर पूर्ण करण्यात येई व माणसे पूर्णाकृती दिसत. दोन्ही टोके तंतोतंत सारखी केल्यामुळे समता साधली, पण अशी दालने अत्यंत खर्चिक असल्याने ती मोठ्या संस्थांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरतीच राहिली. घरून, प्रवासातून किंवा लहान गावातून सामील होणाऱ्याचा प्रश्न त्यांनी सुटला नाही.

अंतराचे महत्त्व : संदेशवहन स्वस्त झाल्यावर अंतराला अर्थ उरणार नाही, असे भाकीत अनेकांनी वर्तविले होते. गॅरी व जुडिथ ओल्सन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ते खोडून काढले. सहकाऱ्यांत पूर्वीची समान समजूत किती आहे, काम एकमेकांवर किती घट्ट अवलंबून आहे, माहिती वाटून घेण्याची वृत्ती आहे की नाही आणि साधनांची सवय कितपत आहे, या चार गोष्टींवर दूरच्या सहकार्याचे यश ठरते, असे त्यांनी प्रतिपादिले. आवाज व चित्र पोहोचण्यास लागणारा वेळही दुर्लक्षिण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेने होणारा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो वाढला की दूरस्थाचे बोलणे संभाषणातील रिकामी जागा चुकवून उशिरा येते व बहुधा दुसऱ्याच्या बोलण्यावर आदळते. त्याला बोलू दिले जात नाही असे त्यास वाटते, तर तो मध्येच बोलतो असे इतरांस वाटते. वस्तुतः दोष दोघांचाही नसतो.

महामारीचा काळ : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर अल्पावधीत कार्यालये, शाळा व न्यायालये पडद्यावर आली. ‘झूम’ या सेवेवरील सभांतील सहभागींची दैनिक संख्या डिसेंबर २०१९ मधील सुमारे १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये सुमारे ३० कोटींवर गेल्याचे त्या कंपनीने सांगितले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी न्यायालयांतील दूरचित्र सुनावणीविषयी आदेश दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोणत्याही उच्च न्यायालयाने वकील वा पक्षकार यांस दूरचित्र किंवा मिश्र सुनावणीची सोय नाकारू नये, असेही त्याने स्पष्ट केले. दूरस्थाचे स्थान हा केवळ सोयीचा विषय नसून काही ठिकाणी तो न्याय मिळण्याचा प्रश्न आहे, हे यावरून दिसते.

या काळातील एक अनुभव बोधप्रद आहे. सर्वच जण आपापल्या घरी होते, तोवर प्रत्येकाला सारख्याच आकाराची चौकट व सारखेच हात उंचावण्याचे चिन्ह मिळाले होते. जिल्ह्याच्या गावातील कर्मचारी आणि मुख्य कार्यालयातील अधिकारी पडद्यावर एकाच मापाचे दिसत. निम्मे लोक कार्यालयात परतल्यावर ही समता ओसरली. खोलीतील दहा जण एका चौकटीत लहान दिसू लागले व मेजावरील कुजबुज दूरस्थाला ऐकू येईनाशी झाली. भिंतीवरचा फळा कॅमेऱ्याच्या बाहेर राहिला आणि सभा संपल्यावर बाहेर पडता पडता होणारे निर्णय तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नसत. पूर्णतः दूरस्थ सभेपेक्षा मिश्र सभेची रचना कठीण असते ती यामुळे.

याच काळात विस्तृत पाहण्या झाल्या. ‘मायक्रोसॉफ्ट’च्या अमेरिकेतील ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सरसकट दूरस्थ कामामुळे गटागटांतील दुवे कमी झाले व संपर्क आपापल्या गटातच आकुंचित झाला. मेलनी ब्रक्स व जोनाथन लेव्हाव यांच्या २०२२ मधील प्रयोगात पडद्यावरून बोलणाऱ्या जोड्यांना नव्या कल्पना तुलनेने कमी सुचल्या. सुचलेल्यांतून निवड करण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. नजर पडद्याशी जखडली की विचाराचा पैसही अरुंद होतो, असे याचे कारण त्यांनी दिले आहे. त्यामुळे प्रत्येक काम सर्वांनी मिळून पडद्यावर करण्याऐवजी कामाच्या टप्प्यानुसार पद्धत निवडणे इष्ट ठरते.

अभिकल्पाची सूत्रे : वरील इतिहासातून काही सूत्रे निष्पन्न होतात. (१) मूळ काम संगणकीय पृष्ठावरच असावे. खोलीतील फळ्यावर लिहून त्याचे चित्र दूरस्थास दाखविण्याऐवजी सर्वांनी एकाच पृष्ठावर, उपस्थितांनीही आपापल्या उपकरणावरून, लिहावे. (२) पाहणे, दाखविणे व बदलणे हे तिन्ही अधिकार कामाच्या गरजेनुसार वाटावेत. केवळ अंतरामुळे त्यांत उणेपणा नसावा. (३) ध्वनीला चित्राहून अग्रक्रम द्यावा. चित्र तुटले तरी काम चालते, शब्द तुटले की ते थांबते. (४) हाताची खूण व नजरेची दिशा शक्य तेवढी कामाच्या जागीच दिसावी. चेहऱ्याची चौकट कामापासून फार दूर नसावी. (५) कोण काय करीत आहे हे इतरांना विनासायास कळावे. पॉल डूरिश व व्हिक्टोरिया बेलोटी यांनी १९९२ मध्ये दाखविल्याप्रमाणे अशी माहिती कोणी मुद्दाम भरावी लागू नये, ती कामातूनच आपोआप उमटावी. (६) पाहिले जाणाऱ्याला आपण पाहिले जात आहोत हे कळावे आणि दार लावून घेण्याची मुभा असावी. (७) सभेत ठरलेल्या गोष्टींची नोंद त्याच पृष्ठावर राहावी, म्हणजे जो त्या क्षणी नव्हता तोही मागाहून सहभागी होऊ शकतो.

मर्यादा : सामाईक पृष्ठ चालविणारी यंत्रणा बहुधा एखाद्या कंपनीच्या ताब्यात असते. ‘गुगल’चा ‘जॅमबोर्ड’ हा संगणकीय फळा २०१७ मध्ये विक्रीस आला व २०२४ च्या अखेरीस त्याची सेवा बंद करण्यात आली. तत्पूर्वी वापरणाऱ्यांना आपले फलक अन्यत्र हलवावे लागले. लाकडी फळ्यावर असा प्रसंग येत नाही. म्हणून नोंदी कोणत्याही यंत्रणेत वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात जपणे, विशेषतः शाळा, न्यायालये व सार्वजनिक संस्था यांच्या दृष्टीने, महत्त्वाचे ठरते. जाळ्याची अनिश्चित गती, भारनियमन, लहान पडद्याचा दूरध्वनी व इंग्रजी सूचना यांमुळेही बरोबरीच्या स्थानापासून पुष्कळ लोक वंचित राहतात. कार्यस्थळाची परीक्षा करताना मुख्य दालनातील सजावट न पाहता, सर्वांत क्षीण जोडणीवरून सामील झालेल्या सहभागीला किती दिसते, किती ऐकू येते आणि किती बदलता येते, हे तपासणे योग्य होय. १९६८ च्या प्रात्यक्षिकात दूरच्या सहकाऱ्याला केवळ बोट दाखविता येत होते. ही बदल करण्याची मुभा मजकुराच्या बाबतीत त्याला आता मिळाली आहे. चर्चेत व निर्णयात ती मिळवून देण्यासाठी यंत्राच्या रचनेइतकीच सभेच्या शिस्तीचीही गरज आहे.